कर्नल ड्रायव्हरमधल्या डीबग संदेशांची साफसफाई: ओळीओळीने कशी करायची

लिनक्स कर्नलच्या ४.१२ आवृत्तीत, २०१७ साली, स्टेजिंग विभागात (अजून पुरेसा साफ न झालेला कोड ठेवतात तिथे) आरटीएल८७२३बीएस या वायफाय चिपचा ड्रायव्हर दाखल झाला. त्याच्या फाइलींत जागोजागी डीबीजी_८७१एक्स आणि आरटी_ट्रेस या दोन मॅक्रोंच्या ओळी होत्या, म्हणजे चूक शोधताना वाचायचे डीबग संदेश छापणाऱ्या ओळी. या फंक्शनमध्ये शिरलो, त्या फंक्शनमधून बाहेर पडलो, अमुक व्हेरिएबलची किंमत इतकी. कर्नलची स्वतःची छापण्याची व्यवस्था बाजूला ठेवून ड्रायव्हरने आपली वेगळी चूल मांडली होती. २०२१ मध्ये अनेक पॅचेस (कोडमधले छोटे बदल) पाठवून हे मॅक्रो हटवले गेले.

चिप बनवणाऱ्यांकडून थेट आलेल्या बऱ्याच ड्रायव्हरांत असंच चित्र दिसतं. नवा बोर्ड पहिल्यांदा उठवताना, म्हणजे चालू करताना, या ओळींचा खरोखर उपयोग होतो, म्हणून त्या लिहिणाऱ्याला मी दोष देणार नाही. पण बोर्ड उठल्यावर त्या तशाच राहतात आणि पुढे खरी चूक शोधणाऱ्याला त्या ढिगातून वाट काढावी लागते.

हे काम शोधा-आणि-बदला करून उरकता येत नाही. प्रत्येक ओळीला विचारायचं, की ही वाचणार कोण? मशीन चालवणारा माणूस, की हा कोड दुरुस्त करणारा? पहिल्यासाठी असेल तर ती नेहमी छापली जावी आणि त्याला कळेल अशा भाषेत असावी. दुसऱ्यासाठी असेल तर एरवी गप्प राहावी आणि मागितल्यावर बोलावी. दोघांनाही नको असेल तर काढून टाकावी. खालच्या सगळ्या पायऱ्या या प्रश्नावर उभ्या आहेत. (मॅक्रो, फाइली आणि कमांड यांची नावं इथे देवनागरीत आहेत, टाइप करताना अर्थातच रोमनमध्ये करायची.)

आधी पाया: आज काय छापलं जातं ते नोंदवून ठेवा

एकही ओळ बदलण्याआधी ड्रायव्हर आहे तसा डब्ल्यू=१ (जास्तीच्या वॉर्निंग मागणारा पर्याय) देऊन बिल्ड करा आणि त्या वेळच्या वॉर्निंग एका फाइलीत ठेवा. मशीन सुरू करून डीमेसेजचं (कर्नलचा लॉग दाखवणाऱ्या कमांडचं) आउटपुट साठवा. केबल काढणं, मॉड्यूल उतरवून पुन्हा चढवणं, सस्पेंड-रिझ्यूम, असे नेहमीचे प्रसंग घडवून प्रत्येकाचा लॉग वेगळा ठेवा. पुढे कोणी विचारलं की आधी दिसणारा संदेश आता का दिसत नाही, तर उत्तर या फाइलींतून देता येईल.

मग ग्रेप, म्हणजे फाइलींत मजकूर शोधणारी कमांड. प्रिंटके, पीआर_ आणि डेव्ह_ने सुरू होणारे कर्नलचे छापणारे मॅक्रो हे उघड आहेत. खरं शोधायचं ते ड्रायव्हरचे घरगुती मॅक्रो. डीबीजी, डीप्रिंटके, ट्रेस, एन्टर, लीव्ह अशा नावांनी ते हेडरमध्ये दडलेले असतात. प्रत्येकाची व्याख्या उघडून नीट वाचा. कुठे तो सरळ प्रिंटकेला हाक मारतो, कुठे मॉड्यूल पॅरामीटर तपासतो, कुठे इफडेफच्या (अट पुरी झाली तरच कोड घेणाऱ्या सूचनेच्या) आत बंद असतो आणि एरवी चक्क रिकामा होतो. तिसरा प्रकार सर्वांत फसवा. मॅक्रो रिकामा असला की आतली फॉरमॅट स्ट्रिंग कंपायलर कधी पाहतच नाही. स्ट्रक्चरच्या फील्डचं नाव बदललं, टाइप बदलला, तरी ती ओळ मुकाट पडून राहते आणि ज्या दिवशी कोणी डीबग चालू करतो त्या दिवशी बिल्ड मोडतो. कर्नलचा पीआर_डीबग बंद असतानाही नो_प्रिंटके मधून जातो. त्यातून कोड तयार होत नाही, पण फॉरमॅट आणि आर्ग्युमेंट यांची तपासणी मात्र होते. घरगुती मॅक्रो टाकून देण्याचं हे एक कारणही पुरेसं आहे.

काय काढायचं

पहिल्यांदा जातात त्या "फंक्शनमध्ये आलो" छापाच्या ओळी. हे काम एफट्रेस (फंक्शनांचा माग काढणारी कर्नलमधलीच सोय) कितीतरी चांगलं करतो. /सिस/कर्नल/ट्रेसिंग मध्ये सेट_एफट्रेस_फिल्टर या फाइलीत ड्रायव्हरच्या फंक्शनांचा पॅटर्न लिहा, करंट_ट्रेसर मध्ये फंक्शन_ग्राफ लिहा, की कोणी कोणाला हाक मारली आणि किती वेळ घेतला हे कोडला हात न लावता समोर येतं. चेकपॅच ही पॅचची शैली तपासणारी स्क्रिप्टसुद्धा अशा ओळी दिसल्या की एफट्रेस वापरा असं सुचवते.

दुसरा गट, कर्नल स्वतःच जे सांगतो ते पुन्हा सांगणाऱ्या ओळी. केमॅलॉक (मेमरी मागणारं फंक्शन) अपयशी ठरला की मेमरी अ‍ॅलोकेटर स्वतः वॉर्निंग आणि स्टॅक छापतो. त्याखाली ड्रायव्हरने "मेमरी संपली" म्हणण्याची गरज नाही. प्लॅटफॉर्म_गेट_आयआरक्यू हे फंक्शन ५.४ आवृत्तीपासून चूक स्वतः छापतं. डेव्हएम_आयओरिमॅप_रिसोर्सचंही तसंच. काढण्याआधी त्या त्या फंक्शनचा सोर्स उघडून खात्री मात्र करा, कारण जुन्या एलटीएस (दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या) कर्नलवर काम करत असाल तर उत्तर वेगळं असू शकतं.

तिसरा गट, यशाच्या घोषणा. "ड्रायव्हर व्हर्जन अमुक यशस्वीपणे लोड झाला" ही ओळ कोणाच्याच कामाची नाही. सगळं सुरळीत चालू असताना ड्रायव्हरने शांत राहावं, असं माझं ठाम मत आहे आणि बरेच मेंटेनरही (कर्नलचा एकेक भाग सांभाळणारे) तेच सांगतात. हार्डवेअरबद्दल नवी माहिती मिळत असेल, जसं चिपची रिव्हिजन किंवा फर्मवेअरची आवृत्ती, तर प्रोबच्या (ड्रायव्हर डिव्हाइसचा ताबा घेतो त्या फंक्शनच्या) शेवटी डेव्ह_इन्फोची एक ओळ ठेवायला माझी हरकत नाही.

ओळ काढण्याआधी तिच्या कंसात पाहा

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्या. ड्रायव्हर बिघडतात ते इथेच.

समजा इंटरप्ट हँडलरमध्ये (हार्डवेअरने लक्ष वेधल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये) अशी ओळ आहे:

डीबीजी("स्टेटस %एक्स\एन", रीडएल(बेस + आयएसआर));

दिसायला निव्वळ छपाई. पण बऱ्याच चिपांत इंटरप्ट स्टेटस रजिस्टर नुसतं वाचलं तरी साफ होतं. म्हणजे ही ओळ छापता छापता इंटरप्टची पोचही देत होती. आता तिचा डेव्ह_डीबीजी केला तर डायनॅमिक डीबग (डीबग ओळी चालत्या मशीनवर चालू-बंद करायची सोय) बंद असताना आर्ग्युमेंटची किंमत काढलीच जात नाही, रीडएल (रजिस्टर वाचणं) होत नाही, रजिस्टर साफ होत नाही आणि लेव्हल-ट्रिगर (पोच मिळेपर्यंत चालू राहणारा) इंटरप्ट पुन्हा पुन्हा येत राहतो. ओळ पूर्ण काढली तरी तेच. उपाय सोपा आहे: वाचन वेगळ्या ओळीत आणा, किंमत व्हेरिएबलमध्ये घ्या आणि ते व्हेरिएबल छापा. हा बदल स्वतंत्र पॅचमध्ये करा आणि वाचन का ठेवलं याची कोडमध्ये एक ओळ कॉमेंट द्या, नाहीतर पुढच्या वर्षी कोणीतरी "न वापरलेलं व्हेरिएबल" म्हणून ते काढून टाकेल.

हाच धोका इतर वेशांतही येतो. कंसात आय++ असतं. रिटर्न व्हॅल्यू छापायच्या निमित्ताने तिथेच फंक्शन चालवलेलं असतं. पोस्टेड राइट (चिपपर्यंत लगेच न पोचणारं लेखन) पूर्ण व्हावं म्हणून लागणारं रीडबॅक केवळ डीबग ओळीमुळे होत असतं.

याहून सूक्ष्म प्रश्न वेळेचा. सिरियल कन्सोल ११५२०० बॉडवर असेल तर एका अक्षराला स्टार्ट-स्टॉप धरून १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ११५२० अक्षरं. ८० अक्षरांची एक ओळ बाहेर पडायला सुमारे ७ मिलिसेकंद जातात. चिपला रीसेट दिल्यावर डेटाशीटप्रमाणे ५ मिलिसेकंद थांबायला हवं आणि कोडमध्ये थांबणंच नाही, तरी मध्ये एक छापील ओळ असल्याने आजवर काम चाललं, असं होऊ शकतं. ओळ काढली की प्रोब कधी चालतो, कधी नाही. म्हणून रीसेट, पॉवर आणि क्लॉक यांच्या आसपासच्या ओळी काढताना डेटाशीट उघडी ठेवा आणि हवी तिथे यूस्लीप_रेंज स्पष्टपणे लिहा. लॉकिंगची रेसही (दोन कामांचा क्रम चुकल्याने होणारी गडबड) अशीच छपाईआड दबलेली असते. ओळी काढल्यावर ती वर आली तर ओळ परत घालू नका, रेस दुरुस्त करा.

शेवटचं एक बघायचं. घरगुती मॅक्रो डू-व्हाइल(०) मध्ये गुंडाळलेला नसेल तर इफ-एल्सच्या जोड्या आपल्याला वाटतात तशा लागलेल्या नसतात. आणि इफच्या आत केवळ डीबगची ओळ असेल तर ती काढल्यावर तो रिकामा इफसुद्धा काढा, अर्थात अटीत काही वाचन किंवा कॉल दडलेला नाही ना ते बघूनच.

जे राहिलं त्याला योग्य घर

डिव्हाइस पॉइंटर हाताशी असेल तर डेव्ह_ वर्गातले मॅक्रो वापरा. ते ड्रायव्हर आणि डिव्हाइसचं नाव ओळीच्या सुरुवातीला आपोआप लावतात, त्यामुळे मशीनवर त्याच प्रकारची चार कार्डं असली तरी कोणतं बोलतंय ते कळतं. नेटवर्क ड्रायव्हरमध्ये नेटडेव्ह_ने सुरू होणारे, ग्राफिक्समध्ये डीआरएम_ने सुरू होणारे. डिव्हाइस नसेल तरच पीआर_ वर्ग. त्यासाठी फाइलीच्या अगदी वर, सगळ्या इन्क्लूडच्या आधी, पीआर_एफएमटी या संदेशाची सुरुवात ठरवणाऱ्या मॅक्रोची व्याख्या केबिल्ड_मॉडनेम घालून करा. इन्क्लूडनंतर केली तर आधीची डीफॉल्ट व्याख्या आड येते आणि कंपायलर पुनर्व्याख्येची तक्रार करतो.

लेव्हल ० ते ७ अशा आठ. प्रत्यक्ष ड्रायव्हरमध्ये लागतात त्या चारच: चूक, इशारा, माहिती आणि डीबग. काम होऊ शकलं नाही तर डेव्ह_एर. काम झालं पण कमी क्षमतेने, तर डेव्ह_वॉर्न. युजरस्पेसमधून (कर्नलबाहेरच्या प्रोग्रामकडून) चुकीचं आर्ग्युमेंट आलं तर डेव्ह_डीबीजी, कारण तिथे एर ठेवलात तर कोणताही साधा प्रोग्राम लॉग भरून टाकू शकतो. ईआयएनव्हॅल (चुकीच्या आर्ग्युमेंटचा एरर कोड) परत करणं पुरेसं आहे. याच कारणाने युजरच्या हातून घडू शकणाऱ्या गोष्टीवर वॉर्न_ऑन लावू नका. पॅनिक_ऑन_वॉर्न (इशारा आला की कर्नल थांबवणारी सेटिंग) लावलेली मशीन त्यावर आडवी होते.

प्रोब फंक्शनमध्ये डेव्ह_एर_प्रोब वापरा. हा ५.९ आवृत्तीत आला. क्लॉक किंवा रेग्युलेटर अजून तयार नसल्याने प्रोब पुढे ढकलला जात असेल तर तो चूक झाल्याची ओळ छापत नाही, कारण मात्र नोंदवून ठेवतो, आणि एरर कोड परत करतो. त्यामुळे तीन-चार ओळींचा इफ एका रिटर्नमध्ये बसतो. जुन्या ड्रायव्हरांत बूटच्या वेळी "क्लॉक मिळाला नाही" असे लाल संदेश चार-चारदा येतात आणि शेवटी सगळं नीट चालतं, ते बहुतेक याच्या अभावी.

संदेश लिहिताना:

- फंक्शनचं नाव डीबग ओळीत घालू नका, __फंक__ सुद्धा नको. डायनॅमिक डीबगच्या फ्लॅगने ते हवं तेव्हा मिळतं.
- एरर कोड नेहमी छापा. आकड्याऐवजी नाव हवं असेल तर एरर पॉइंटरसाठी %पीई आहे, ५.५ पासून.
- स्ट्रिंग दोन ओळींत तोडू नका. ८० अक्षरांच्या पुढे गेली तरी चालेल. लॉगमध्ये दिसलेला मजकूर ग्रेपला सापडला पाहिजे.
- शेवटी न्यूलाइन द्या. नाही दिली तर पुढचा संदेश येईपर्यंत ही ओळ वाचणाऱ्याला दिसत नाही असं होऊ शकतं.
- पूर्णविराम नको, आणि आकड्याभोवती कंसही नकोत.

रजिस्टरांची यादी लूपमध्ये तुकड्यातुकड्याने छापणारा कोड दिसला तर तो बदलाच. एका सीपीयूचे तुकडे पडत असताना दुसरा सीपीयू मध्ये आपली ओळ घुसवतो आणि वाचणाऱ्याच्या हाती खिचडी येते. ६४ बाइटपर्यंत %*पीएच एका ओळीत काम करतो, त्याहून मोठ्या बफरसाठी प्रिंट_हेक्स_डम्प_डीबग आहे.

पॉइंटर छापणाऱ्या ओळी वेगळ्या काढून पाहा. ४.१५ पासून साधा %पी खरा पत्ता दाखवत नाही, हॅश केलेली किंमत दाखवतो. कर्नलचे पत्ते बाहेर पडले की हल्लेखोराचं काम सोपं होतं, म्हणून हे केलं गेलं. कोणी त्यावर %पीएक्स हा उतारा वापरला असेल तर जवळपास नेहमीच ती ओळ काढणं योग्य. पत्ता जुळवून पाहायचा असेल तर हॅशही पुरतो, एका बूटमध्ये तोच पत्ता तीच हॅश देतो. आणि वायफाय ड्रायव्हर साफ करत असाल तर एनक्रिप्शन की छापणाऱ्या ओळी शोधा. अशी की हेक्स डम्प करणारी ओळ डीबग लेव्हलला नेऊन ठेवू नका, समूळ उपटा. असे लॉग बग रिपोर्टला जोडले जातात आणि जगभर वाचले जातात.

वारंवार येणाऱ्या ओळी

प्रत्येक पॅकेटला, प्रत्येक इंटरप्टला छापणारी ओळ हा वेगळा प्रश्न आहे. वरचा हिशोब आठवा: ओळीला ७ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला १४० ओळींतच कन्सोल तुंबतो. कर्नलचा लॉग बफर अनेक ठिकाणी १२८ किलोबाइटांचा असतो, त्यातून बूटचे महत्त्वाचे संदेश मिनिटभरात वाहून जातात.

चूक असेल आणि ती वारंवार येऊ शकत असेल तर रेटलिमिटेड प्रकार वापरा. डीफॉल्ट मर्यादा ५ सेकंदांत १० ओळी अशी आहे, आणि किती दाबल्या गेल्या तेही नंतर छापलं जातं. एकदाच सांगायचं असेल तर वन्स प्रकार. जुनं प्रिंटके_रेटलिमिट हे फंक्शन मात्र टाळा, कारण त्याचा कोटा सगळ्या कर्नलमध्ये सामायिक असतो. दुसऱ्याच ड्रायव्हरच्या गोंगाटात आपली ओळ दाबली जाते.

डीबगसाठी प्रवाहच पाहायचा असेल तर ट्रेसपॉइंट (कोडमधली नोंद घेण्याची ठरलेली जागा) लिहा. ट्रेस_इव्हेंटची व्याख्या करायला थोडी मेहनत पडते, पण माहिती रिंग बफरमध्ये जाते, कन्सोलला वाट पाहावी लागत नाही आणि फील्डनुसार फिल्टर लावता येतो. ट्रेस_प्रिंटके हे आपल्या टेबलावरचं साधन आहे, शोध घेताना खुशाल वापरा. मुख्य कोडमध्ये पाठवू नका. तो असला की कर्नल हा डीबग कर्नल आहे असा ठळक इशारा चौकटीत छापतो.

जुनी यंत्रणा पाडणं

सगळ्या ओळी हलल्या की घरगुती मॅक्रो, त्याचं हेडर, इफडेफ आणि मेकफाइलमधला -डीडीबग (डीबग डिफाइन करणारा पर्याय) काढा. हा शेवटचा तुकडा हमखास विसरला जातो. तो राहिला तर डीबग ओळी पहिल्यापासून चालूच राहतात आणि साफसफाई करूनही लॉग तेवढाच भरतो.

डीबग नावाचा मॉड्यूल पॅरामीटर असेल तर थोडा विचार करा. काही लोकांनी तो मॉडप्रोबच्या (मॉड्यूल चढवणाऱ्या कमांडच्या) कॉन्फिगरेशनमध्ये लिहून ठेवलेला असतो. काढल्यावर मॉड्यूल लोड व्हायचा थांबत नाही, अनोळखी पॅरामीटर दुर्लक्षित केला एवढी ओळ येते. तरी पॅचच्या वर्णनात बदलाची नोंद द्या आणि त्याऐवजी काय वापरायचं ते लिहा.

चालतं का ते पाहा

डायनॅमिक डीबग २००९ मध्ये २.६.३० आवृत्तीत आला. उबुंटू, फेडोरा, डेबियन यांच्या कर्नलमध्ये तो चालू असतो, म्हणजे ग्राहकाच्या मशीनवरही नवा बिल्ड न देता संदेश चालू करता येतात. रूट होऊन:

इको 'मॉड्यूल आर८७२३बीएस +पी' > /सिस/कर्नल/डीबग/डायनॅमिक_डीबग/कंट्रोल

मॉड्यूलऐवजी फाइल, फंक, लाइन किंवा फॉरमॅट देऊन नेमक्या एका ओळीपर्यंत पोचता येतं. +पीएफएल दिलं तर प्रत्येक संदेशाआधी फंक्शनचं नाव आणि ओळ क्रमांक येतो. बंद करायला -पी. प्रोबमधले संदेश हवे असतील तर मॉड्यूल चढवतानाच डिनडीबीजी=+पी द्या.

इथे हमखास होणारा घोटाळा: सगळं चालू केलं तरी सिरियलवर काहीच दिसत नाही. डीबगची लेव्हल ७ आहे आणि कन्सोल आपल्या मर्यादेहून लहान आकड्याचेच संदेश छापतो. मर्यादा ७ असेल तर डीबग अडतो. डीमेसेज -एन ८ द्या, किंवा बूटच्या वेळी लॉगलेव्हल=८. लॉग बफरमध्ये मात्र तो संदेश असतोच, डीमेसेज कमांड तो दाखवते.

बिल्ड तीन प्रकारे करा: डायनॅमिक डीबग चालू, तो बंद, आणि तो बंद ठेवून डीबग डिफाइन केलेला. प्रत्येक वेळी डब्ल्यू=१ देऊन सुरुवातीच्या वॉर्निंगच्या फाइलीशी तुलना करा. न वापरलेली व्हेरिएबल इथे उघडी पडतात. डायनॅमिक डीबगमुळे कर्नलचा टेक्स्ट सुमारे २ टक्क्यांनी वाढतो असं त्याच्या केकॉन्फिगमध्येच (कर्नलच्या पर्यायांची वर्णनं असलेल्या फाइलीत) नमूद आहे, त्यामुळे लहान फ्लॅशच्या उत्पादनात तो बंद असणार हे गृहीत धरून दुसरा बिल्ड नीट तपासा. मग सुरुवातीचे प्रसंग पुन्हा घडवा आणि लॉग शेजारी ठेवून वाचा.

पॅच कसे तोडायचे

एका पॅचमध्ये एकाच जातीचा बदल. माझा नेहमीचा क्रम असा: आधी कंसातली वाचनं बाहेर काढणारे पॅच, मग शिरलो-निघालो ओळी काढणारा, मग पुनरुक्ती काढणारा, मग फाइलवार रूपांतर आणि शेवटी मॅक्रोची व्याख्या काढणारा. प्रत्येक टप्प्यावर कर्नल बिल्ड झाला पाहिजे, नाहीतर पुढे बायसेक्ट करणारा (कोणत्या पॅचने बिघडलं ते शोधणारा) अडकतो. ओळी शेकड्यांनी असतील तर कॉक्सिनेलचा (नमुन्यानुसार कोड बदलणाऱ्या साधनाचा) सिमँटिक पॅच लिहा, पण त्याचं आउटपुट ओळ न ओळ वाचूनच पाठवा, कारण कोणतं रजिस्टर वाचल्यावर साफ होतं हे त्याला माहीत नसतं.

वर्णनात "चेकपॅचची वॉर्निंग दूर केली" एवढंच लिहू नका. ओळ का काढली, ती माहिती आता कुठून मिळते, वर्तनात काय बदललं, हे दोन-तीन वाक्यांत सांगा. हार्डवेअरवर तपासलं नसेल तर तसं स्पष्ट लिहा. बिल्डपुरतं तपासलेलं हार्डवेअरवर तपासलं म्हणून पाठवणं हा मेंटेनरच्या विश्वासाचा प्रश्न आहे. स्टेजिंगमध्ये अशा पॅचेसचं स्वागत असतं आणि नवख्यासाठी ती उत्तम जागा आहे. इतर विभागांत निव्वळ संदेश बदलणारे पॅच काही मेंटेनरांना नको असतात, कारण त्यामुळे जुन्या दुरुस्त्या स्थिर आवृत्त्यांत नेणं अवघड होतं. तिथे त्याच फाइलीत खरी दुरुस्ती करत असाल तेव्हा साफसफाई सोबत पाठवा.

गेट_मेंटेनर स्क्रिप्टने कोणाला पाठवायचं ते मिळतं. परीक्षणात एखादा मेंटेनर म्हणेल, ही ओळ राहू दे, मला फील्डमध्ये तिचा उपयोग झाला आहे. वाद घालू नका. ती कोण वाचतं याचं उत्तर मिळालं. तिची लेव्हल ठीक करा, मजकूर सुधारा आणि दुसऱ्या आवृत्तीत तीन डॅशच्या ओळीखाली काय बदललं ते लिहून पुन्हा पाठवा.